गोठलेल्या समुद्राची कॅसेट

जेद्दाच्या शराफिया भागातल्या आमच्या घरात आभाळ दिसेल अशी एकच खिडकी होती. बाकीच्या खिडक्यांत एसी बसवलेले. ते इतके जुने, की सुरू करताना आधी खोकायचे, मग थरथरायचे आणि मग एकदाचे घरघरायला लागायचे. अम्मी म्हणायची, "घरात म्हातारे पाललेत मी, दुसरं काय." त्या घरघरीत लहानाचे मोठे झालो म्हणून की काय, आमच्या घरात सगळेच जरा वरच्या पट्टीत बोलायचे. फक्त माझा मोठा भाऊ अन्वर, ज्याला मी भाई म्हणायचे, तो हळू बोलायचा. त्याला हळू बोललेलं ऐकूही यायचं. जिन्यात चप्पल वाजली की पुस्तकातून मान वर न करता तो सांगायचा, "अब्बा आले. हातात जड पिशवी आहे. उजव्या हातात." आणि दार उघडावं तर अब्बा उभे, उजव्या हातात तांदळाची पिशवी. अम्मीला याचं कौतुकही होतं आणि धास्तीही होती. इतकं ऐकू येणं काही चांगलं नाही, असं ती म्हणायची, आणि लगेच त्याच्या डोक्यावरून मिठाची मूठ उतरवून टाकायची.

खाली रस्त्यावर मलबारी हॉटेलं, पैसे पाठवायच्या खिडक्या, आणि कोपऱ्यावर तमीसची भट्टी. भल्यामोठ्या गोल रोट्या भट्टीतून निघाल्या की त्यांचा वास आमच्या मजल्यापर्यंत यायचा. पण अम्मी बाजारची रोटी घरात फार येऊ देत नसे. तांदळाची भाकरी ती दोन्ही हातांवर थापायची आणि तिच्या बांगड्यांचा एक ठेका लागायचा. भाई म्हणायचा, अम्मी रागावलेली असली की ठेका बदलतो. गावाहून कोणी आलं की सोडे यायचे, सुकट यायची, आणि मग सगळ्या इमारतीला कळायचं की कोकणवाल्यांच्या घरी सामान आलंय. शेजारची लखनौवाली बाई नाकाला ओढणी लावून जिना उतरायची. अम्मी तिला मुद्दाम थांबवून विचारायची, "तबियत ठीक आहे ना आपा?"

आमचं गाव श्रीवर्धनच्या बाजूला, खाडीच्या काठी. तिथं अम्मीची माणसं होती आणि त्यांच्यातल्या फार थोड्यांना लिहितावाचता यायचं. म्हणून पत्रांऐवजी कॅसेटी जायच्या. आजच्या मुलांना हे सांगितलं तर ती हसतात. पण तेव्हा शराफियातल्या प्रत्येक कोकणी घरात कॅसेट भरणं हे लोणचं भरण्याइतकंच नेहमीचं काम होतं. कोणी छुट्टीवर निघालं की त्याच्या हाती कॅसेट द्यायची. घरातल्या प्रत्येकानं पाळीपाळीनं टेपपुढं बसून बोलायचं. पुरुष बोलायला लागले की निकाह लावणाऱ्या काझीसारखा आवाज काढायचे: "अस्सलामु अलैकुम, बाद सलाम के मालूम हो, की आम्ही इकडं खैरियत आहोत आणि तुमची खैरियत खुदाकडं नेक चाहतो." पुढं काय बोलावं ते न सुचून घसा खाकरायचे. गावात ती कॅसेट सगळा मोहल्ला जमून ऐकायचा, आणि मग तीच कॅसेट, त्यांच्या बोलण्यानं भरून, परत यायची. आमचं बोलणं पुसूनच त्यांचं बोलणं भरलेलं असायचं. कोणाला त्याचं काही वाटत नसे. एक कॅसेट अशी वर्षानुवर्षं समुद्र ओलांडत राहायची. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटीवर काही भरता येऊ नये म्हणून वरच्या काठाला खाचा असतात. त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की तीही भरता येते, हे अम्मीला भाईनंच शिकवलं होतं. तिला तेव्हा ते फारच हुशारीचं काम वाटलं होतं.

अब्बा एका परदेशी कंपनीत ड्रायव्हर होते. बंदरावर कसलीशी मोठी यंत्रं बसवायचं काम चाललं होतं आणि त्यासाठी फिनलंडहून आलेल्या एका इंजिनिअरला ते रोज गाडीतून ने-आण करायचे. त्याचं नाव अब्बांना उच्चारता येत नव्हतं, म्हणून ते त्याला नुसतं मिस्टर म्हणायचे, आणि म्हणून आम्हीही. मिस्टर फार बोलत नसे, आणि अब्बांना तेच आवडायचं. "आपल्याकरचा मानूस वाटतो. गप बसून र्‍हातो," असं ते सांगायचे. गाडीत मात्र तो एक कॅसेट पुन्हा पुन्हा लावायचा. अब्बा म्हणायचे, त्यात एक माणूस रडल्यासारखा गातो आणि मागं कोणीतरी दरवाजे आपटतं. भाईनं ते ऐकलं आणि त्याला राहवेना. महिनाभर तो अब्बांच्या मागं लागला, तेव्हा कुठं एका शुक्रवारी अब्बांनी मिस्टरला जेवायला बोलावलं.

मिस्टर आला तो दारात बूट काढून, मोजेही काढून. अम्मीला तो तिथंच आवडला. दस्तरखानावर मांडी घालायला त्याला जमेना, मग तो एका बाजूला पाय दुमडून बसला आणि सोड्यांची खिचडी त्यानं घामाघूम होत, न थांबता खाल्ली. खाऊन झाल्यावर त्यानं खिशातून ती कॅसेट काढली. वर निळ्या शाईनं त्याच्या हातानं लिहिलेलं एक लांबलचक नाव होतं, आणि त्यातल्या अक्षरांच्या डोक्यावर जोडीजोडीनं टिंबं. भाईनं इंग्रजीत विचारलं, यातलं चांगलं गाणं कुठलं? मिस्टर पहिल्यांदाच जरा रागावल्यासारखा झाला. ही गाणी नाहीत, तो म्हणाला. ही एक गोष्ट आहे. आमच्याकडच्या एका बँडनं सगळ्या रेकॉर्डभर एकच गोष्ट सांगितली आहे, या बाजूला अर्धी आणि त्या बाजूला अर्धी. मधूनच एखादं गाणं ऐकणं म्हणजे पुस्तकाचं एक पान फाडून वाचणं.

मग त्यानं गोष्ट सांगायला घेतली. तो हळूहळू इंग्रजीत सांगायचा आणि भाई आमच्या भाषेत करून द्यायचा. दोन भाऊ होते. त्यांच्या गावासमोर एक बेट होतं. थंडीत तिथला समुद्र गोठतो आणि लोक त्याच्यावरून चालत बेटावर जातात.

"समुद्र गोठतो?" अम्मी म्हणाली. "काय तरीच! मंग मासलीचं काय होतं?"

भाईनं विचारलं. मासे खाली असतात, मिस्टरनं सांगितलं. बर्फाला भोक पाडून गळ सोडायचा.

"आनि गावतात?"

कधी कधी, मिस्टर म्हणाला.

"मंग आपल्यासारखंच," अम्मी म्हणाली आणि तिचं समाधान झालं.

मोठा भाऊ बेटावर कामाला गेला तो परत आला नाही. म्हणून धाकटा त्याला आणायला एकटाच बर्फावरून निघतो. अर्ध्या वाटेवर त्याच्या पायाखाली बर्फ तडकतं. इथं पहिली बाजू संपते. मिस्टरनं एवढं सांगितलं आणि मगरिबची अजान झाली. अब्बा उठले, मिस्टरही उठला. भाई त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेला आणि विचारलं, पुढं काय होतं? पुढचं दुसऱ्या बाजूला आहे, मिस्टर म्हणाला. ऐकशील तर कळेल, शब्दांची गरज नाही. काही आठवड्यांनी त्याचं काम संपलं. जाताना त्यानं अब्बांना एक कोट दिला, जो जेद्दात कोणी कधीच घालणार नव्हतं, आणि भाईला ती कॅसेट.

त्यानंतरचं ते वर्ष माझ्या आठवणीत त्या एका कॅसेटचंच आहे. शाळा सुटली की भाई टेप घेऊन आभाळाच्या खिडकीखाली बसायचा. एसी बंद करायचा. घाम गळायला लागला तरी चालेल, पण घरघर नको. मी भरतकाम घेऊन शेजारी बसायचे. खरं सांगायचं तर मला ते संगीत आवडलं नव्हतं. फार लांबण लावायचे ते लोक. पण भाई सांगायला लागला की मला सगळं दिसायला लागायचं. "हे ऐक मुन्नी, ही त्याची पावलं. आता बघ, बासरी आली ना, म्हणजे वारा सुटला. आता किनारा दिसेनासा झाला." आणि पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी सगळी वाद्यं थांबायची आणि एक आवाज यायचा. तो खरोखरच्या बर्फाचा होता, असं भाईचं म्हणणं. कुठंतरी लांबून निघून पायाखालून पलीकडं गेलेला, जाड आणि ओलसर. जन्मात बर्फ म्हणून आम्ही फक्त सरबतातलं पाहिलेलं. तरी तो आवाज आला की मी पाय वर घ्यायचे.

दुसरी बाजू मात्र तो सांगत नसे. ती आम्ही ऐकायचो, पण तो गप्प असायचा. विचारलं की म्हणायचा, "मला अजून पुरतं कळलं नाही. कळलं की एकदम सांगतो." त्या बाजूला मध्येच एक सूर होता, तो भाई आंघोळ करताना गुणगुणायचा. शेवटी पुन्हा पावलं होती, एकाच माणसाची. मी म्हणायचे, परत आला असेल. भाई म्हणायचा, घाई करू नकोस. मिस्टरनं लिहिलेलं ते टिंबाटिंबांचं नाव त्यानं त्याच्या कंपास पेटीवर कोरलं, वह्यांवर काढलं, माझ्या रुमालावर पेन्सिलनं काढून दिलं आणि मी ते निळ्या दोऱ्यानं भरलं. त्याचा अर्थ आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हता.

आमच्या इमारतीखाली एका हैदराबादी चाचाचं कॅसेटचं दुकान होतं. भाई संध्याकाळी तिथं बसायचा. एका टेपमधून दुसऱ्यात कॅसेटी उतरवायचं काम तिथं दिवसभर चालायचं, आणि कुठल्या कॅसेटीचा आवाज दबलाय, कुठली ओढतेय, हे भाई लांबूनच सांगायचा. चाचा त्याला म्हणायचे, "बेटा, तुम्हारे कान नहीं, कांटा है." एकदा मी भाईला म्हटलं, मग आपल्या कॅसेटची पण एक कॉपी काढून ठेव की. त्यानं मान हलवली. मिस्टरनंच ती रेकॉर्डवरून उतरवून, कोणी पुसू नये म्हणून वरच्या खाचा पाडून ठेवलेली, आता कॉपीची कॉपी केली की बर्फाचा आवाज मरेल. म्हणून जगात आमच्यापुरती ती एकच राहिली.

भाईची शाळा संपली आणि घरातली हवा बदलली. मुलगा अठराचा झाला की बापाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, राहत नाही. त्याला स्वतःचा कफील, म्हणजे व्हिजा देणारा सौदी मालक, शोधावा लागतो, नाहीतर गाठोडं बांधून मुल्काला, आपल्या देशात, परत जावं लागतं. चाचांना भाई दुकानात हवा होता. त्यांनी आपल्या कफीलला विचारलं. कफील म्हणाला, दुकानाला आणखी माणूस मिळणार नाही, खलास. चाचा वर येऊन अब्बांसमोर बसले आणि म्हणाले, थोडे महिने थांबा, मी पुन्हा विचारतो. अब्बांनी चहा पाजला आणि ते गेल्यावर म्हणाले, "कॅसेटी विकून कुनाचं घर चाललंय?"

अब्बांनी दुसरीकडं बोलून ठेवलं होतं. खमीस मुशैतला, तिकडं वर डोंगरात, लष्करी तळाजवळ एका कंपनीचं पॉवर हाऊस होतं. मोठमोठे जनरेटर, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणसं हवी होती. राहायला कॅम्प, खायला मेस. व्हिजा तयार होता. भाई ऐकत बसला होता. एवढंच म्हणाला, "अब्बा, तिथं आवाज फार असेल."

"आवाज?" अब्बा म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "आवाजाला काय घाबरतोस? आवाज काय चावतो?"

अम्मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिच्या बांगड्या थांबल्या, मग पुन्हा सुरू झाल्या. अब्बा वाईट माणूस नव्हते, हे मला इथं सांगितलंच पाहिजे. त्यांनी स्वतः कॅम्पमध्ये, एका खोलीत अनेक जणांत आयुष्य काढलं होतं, आणि मुलाला त्यांनी त्यांच्यापेक्षा बरी नोकरी मिळवून दिली होती. रागवावं तरी कोणावर? मला तेव्हा सगळ्यांवरच राग होता. भाईला तर रागही आला नाही. निघायच्या सकाळी त्यानं कॅसेट माझ्या हातात दिली. कॅम्पमध्ये वस्तू राहत नाहीत, टेप घेतला की मागवतो, म्हणाला. मी विचारलं, आणि गोष्टीचं? तो म्हणाला, "जवळजवळ कळलीय. आलो की सांगतो. तोवर जपून ठेव." मी ती कपाटात, मिस्टरच्या कोटाच्या खिशात ठेवली. त्या कोटाला घरात कोणी हात लावत नसे.

हिवाळ्यात निरोप आला, भाईनं टेप घेतला. त्यानंतर एका बुधवारी आमच्या गावचा एक माणूस दुपारी दारात उभा राहिला. तो माल भरून ताइफवरून खमीसला गाडी न्यायचा. असरची नमाज झाली की निघतो, अन्वरला काही द्यायचं असेल तर द्या, म्हणाला. मी शाळेत होते. अम्मीनं सोडे बांधले, लोणचं बांधलं, एक स्वेटर शोधला. आणि मग तिला कॅसेट भरायची होती. घरातल्या सगळ्या कॅसेटी गावाला गेलेल्या. तिनं कपाट उपसलं, स्वेटरबरोबर कोटही द्यावा म्हणून तो काढला, आणि खिशात तिला मिस्टरची कॅसेट मिळाली.

तिनं काय विचार केला ते तिनंच मला संध्याकाळी सांगितलं, अगदी फुलून जाऊन. कॅसेट अन्वरचीच, त्याला हवीच असणार. एका बाजूला त्याची गाणी राहू देत. दुसऱ्या बाजूला आपण बोलू. पोराला एकाच कॅसेटीत दोन्ही मिळेल. "पट्टीपन लावली बराबर, त्यानं दाखवलीती तशी," ती म्हणाली. "आनि सगला आवाज भरलाय बघ मी. भाकरीचा भरला, कुकराचा भरला. मोरीच्या नलाचा भरला. ह्या म्हातार्‍याचासुदा भरला." तिनं एसीकडं बोट दाखवलं. "म्हटलं, त्याला आवाज आवारतात."

  अब्बांसमोर जी बाई दोन वाक्यं सलग बोलत नसे, ती त्या दुपारी एकटीच टेपपुढं अर्धा तास मुलाशी बोलत बसली होती. गाडी ताइफच्या घाटालाही लागली असेल. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. अम्मीला मी ते कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही तिला वाटत होतं, की ती कॅसेट म्हणजे तिनं मुलासाठी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट.

कॅसेट परत आली ती ईदच्या आधी. रिवाजाप्रमाणे तीच कॅसेट, भरून. अब्बा, अम्मी, मी टेपपुढं बसलो. मला वाटलं होतं, भाईनं कुठली तरी दुसरी पाठवली असेल, किंवा अम्मीचंच बोलणं पुसून त्यावर भरलं असेल. अब्बांनी बटण दाबलं. आधी एक घरघर आली. आमच्या एसीसारखी नाही. भिंतीच घरघरत असाव्यात अशी. तिच्यातून भाई मोठ्यानं ओरडून बोलत होता: "अस्सलामु अलैकुम. बाद सलाम के मालूम हो, की मी इकडं खैरियत आहे." अगदी त्या सगळ्या पुरुषांसारखा. सामान मिळालं. लोणचं चांगलं आहे. थंडी आहे, कोट कामाला येतो. अम्मी, तुझी कॅसेट मिळाली, रोज ऐकतो. अब्बांच्या गुडघ्याला तेल लावा. मुन्नीनं अभ्यास करावा. खुदा हाफिज.

अब्बांचे डोळे भरून आले. "कसा भारदस्त बोलतो आता," ते म्हणाले. मी कॅसेटकडं बघत होते. कुठली बाजू लागलीय ते बघायला मला उठायचं होतं आणि उठवत नव्हतं. ती पहिली बाजू होती. जिच्यावर दोन भाऊ होते, बासरी होती, वारा होता, तिच्यावर. अम्मीच्या बाजूला त्यानं हात लावला नव्हता. आणि बोलणं संपल्यावर त्यानं टेप बंदही केला नव्हता. खुदा हाफिजनंतर ती घरघर तशीच चालू राहिली, बाजू संपेपर्यंत. अब्बा नमाजला उठले, अम्मी चुलीकडं गेली, मी ऐकत राहिले. जिथं बर्फ तडकायला हवं होतं तिथंही जनरेटरच होता. बंद करायचं विसरला असेल. कामाच्या पाळीवर गेला असेल. की काहीच शिल्लक राहू नये म्हणून त्यानं तो तसाच ठेवला, हे मला आजवर माहीत नाही, आणि मी त्याला विचारलंही नाही.

मग मी कॅसेट उलटी केली. अम्मी बोलत होती: "अन्वर, बाला, जेवलास काय? थंडी हाय ना रे तिकरं? जेवलास काय?" दर थोड्या वेळानं तेच. तिला दुसरं काही विचारता येत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "आता ठेवते, जेवत जा," आणि खट्ट झालं. आणि लगेच, अम्मीच्या आवाजाला खेटून, त्या रेकॉर्डचा उरलेला तुकडा वर आला. एक पेटीसारखा लांब सूर, आणि त्यात ती पावलं, एकाच माणसाची, बर्फावरची. अम्मीचं बोलणं तेवढं आधी संपलं म्हणून तो वाचला होता. त्या घरात मी पुढं जितकी वर्षं राहिले तितकी वर्षं तो तुकडा ऐकत आले. मला वाटायचं, कोणीतरी घरी येतंय.

भाई दोन वर्षांनी छुट्टीवर आला. तब्येत सुधारली होती, मिशी राखली होती. जिन्यात अब्बांची चप्पल वाजली आणि त्याला कळलं नाही. टीव्ही इतका मोठा लावायचा, की लखनौवाली आपा दार वाजवून गेली. एका दुपारी मी त्याच्याजवळ बसून विचारलं, "भाई, ती दुसरी बाजू. कळली होती ना तुला? काय झालं पुढं?"

"काय?"

मी पुन्हा, मोठ्यानं विचारलं.

"कसली बाजू?" तो म्हणाला. मग त्याला आठवलं. हसला. "अगं, ते होय! पोरपण होतं ते." आणि त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. 

पुढं माझं लग्न झालं, मी पनवेलला आले. अब्बा गेले. अम्मी गावी परतली तेव्हा ती कॅसेट तिच्या पेटीत होती. म्हातारपणी ती भाईची खैरियत लावून बसायची, जनरेटरसकट. एकदा टेपनं कॅसेट खाल्ली. फीत बाहेर आली, ती अम्मीनं कात्रीनं कापून नीट घडी करून ठेवली. तिच्या मागं पेटी उघडली तेव्हा वाळवीनं काही ठेवलं नव्हतं. भाई खमीसला राहिला तो केस पांढरे होईपर्यंत. पॉवर हाऊसं बदलली, काम तेच. लग्न केलं, बायको गावी ठेवली, दर दोन वर्षांनी भेटला. चाचांचं दुकानही तोवर राहिलं नसतंच, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. म्हणजे तिथं राहिला असता तरी शेवट काही वेगळा झाला नसता, असं मी मनाला सांगते. मनाला पटत नाही.

हे मी जेद्दात बसून लिहिते आहे. माझा मुलगा इथं नोकरीला आहे, मी व्हिजिट व्हिजावर त्याच्याकडं येते. शराफिया पुन्हा पाहून आले. आमची इमारत पाडली. पैसे पाठवायच्या खिडक्या आहेत तशाच आहेत, पुढच्या रांगाही तशाच. शहरात आता उघड उघड गाण्याचे जलसे होतात, माझा नातू झैद मित्रांबरोबर जातो. त्याच्या कानावर सदा ते मोठे हेडफोन. परवा मी त्याला म्हटलं, मला एक गाणं शोधून दे. तो म्हणाला, "नाम बताओ, दादी." मी कागद घेतला आणि टिंबाटिंबांचं ते नाव काढून दिलं. हात आपोआप चालला, रुमालावर भरलेलं होतं ना. झैदनं ते फोनमध्ये घातलं आणि क्षणात म्हणाला, "दादी, it's here. पूरा है."

त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले. पहिली बाजू सरळ चालू झाली. सगळं होतं. बासरी, वारा, आणि शेवटी बर्फ तडकलं तेव्हा मी सोफ्यावर पाय वर घेतले, झैद हसला. मग दुसरी बाजू. भाई न्हाणीत गुणगुणायचा तो सूर आला. किती सुंदर होता! चाळीसहून जास्त वर्षांनी तो ऐकत होते आणि माझं लक्ष नव्हतं. मी वाट बघत होते. भाकरीची, नळाची, कुकरच्या शिट्टीची. आता बोलेल, आता बोलेल, असं मला वाटत राहिलं आणि ती परकी माणसं गातच राहिली. कुठं खट्ट झालं नाही. पावलं आली तेव्हा मी हेडफोन काढून ठेवले.

झैद फोनवर काहीतरी वाचत होता. "इसमें story लिखी है, दादी. सुनाऊँ?" मी हो म्हटलं. तो धाकटा बर्फातून वाचतो, बेटावर पोचतो. भावाची खोली सापडते, चूल थंड, भाऊ नाही. तो येईल म्हणून धाकटा तिथंच थांबतो. थांबता थांबता थंडी संपते, बर्फ वितळतं, आता परत जायला वाट नाही. शेवटची पावलं त्याचीच. घरी येणाऱ्याची नाहीत. बेटाभोवती चालतोय. "That's it," झैद म्हणाला. "बहुत sad है."

मला वाटलं, भाईला सांगितलं पाहिजे. त्याला कळलं होतं की नाही, बरोबर होतं की नाही, मला एवढंच ऐकायचं होतं. तो आता गावी असतो. मी व्हिडिओ कॉल लावला. त्यानं उचलला आणि नेहमीप्रमाणे फोन कानाला लावला. कितीदा सांगितलं, समोर धर, पण नाही. माझ्या पडद्यावर त्याचा कान आला. पडदाभर कान, त्यावरचे पांढरे केस, पाळीवरचा तीळ. ऐकू येण्याचं मशीन लावलेलं नव्हतं.

"भाई," मी म्हटलं, "मिस्टरची कॅसेट सापडली. दुसरी बाजू. शेवट कळला."

कान तसाच.

मी झैदच्या फोनवर पावलं लावली, आवाज मोठा केला आणि तो फोन माझ्या फोनला चिकटवून धरला. बर्फावरून माणूस चालत होता. मी भाईच्या कानाकडं बघत होते. पावलं संपेपर्यंत धरून ठेवला.

"मुन्नी?" पलीकडून भाई ओरडला. "काय आवाज येत नाय गो. नेट खराब हाय. तू जेवलीस काय?"

"जेवले," मी ओरडून सांगितलं.

"काय?"

"जेवले, भाई."

"हां. जेवत जा," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.